केमो किती झाल्या? कॅन्सरच्या उपचारांची माहिती संगणकातून कशी शोधतात

वेल्हे तालुक्यातल्या एका गावातून आलेल्या मावशी समोर बसल्या होत्या. सोबत पुतण्या, आणि त्याच्या हातात कपड्याच्या दुकानाची जाड प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत सोनोग्राफीच्या फिल्म, मेडिकलची बिलं, दोन डिस्चार्ज कार्डं, एसटीची तिकिटं आणि घड्या घालून घालून फाटलेला बायोप्सीचा रिपोर्ट. पाच वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरवर उपचार झाले होते. आता दुसऱ्या बाजूला नवी गाठ लागत होती.

"मावशी, केमो किती झाल्या होत्या?"

"चार," मावशी म्हणाल्या.

"नाही डॉक्टर, सहा," पुतण्या म्हणाला.

"लाल रंगाचं औषध होतं का?"

"होतं की. लघवीसुद्धा लाल व्हायची."

ते लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन. स्तनाच्या कॅन्सरवर ते चांगलं काम करतं, पण हृदयाच्या स्नायूवर त्याचा परिणाम साठत जातो आणि तो आयुष्यभराचा हिशोब असतो. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला एका वेळी साधारण ६० मिलिग्रॅम देतात. एकूण बेरीज ४५० ते ५५० च्या घरात गेली की हृदय कमकुवत होण्याचा धोका झपाट्यानं वाढतो. चार डोस झाले असतील तर बेरीज २४०. सहा झाले असतील तर ३६०. पहिल्या हिशोबात हे औषध पुन्हा वापरायचं ठरलं तर तीन डोसांची जागा उरते, दुसऱ्या हिशोबात जेमतेम एकाची. म्हणजे मावशी आणि पुतण्या यांच्यातल्या त्या वादावर मावशींचं हृदय अवलंबून होतं.

तुम्ही म्हणाल, यात काय अवघड आहे? हल्ली सगळं संगणकात असतं. जुन्या हॉस्पिटलला विचारा, ते सांगतील.

आम्ही विचारलं. त्यांच्या संगणकात सहा केमोंची बिलं होती.

संगणकात नेमकं काय असतं

हॉस्पिटलचा संगणक म्हणजे एकच मोठी वही, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्या सात-आठ वेगवेगळ्या वह्या असतात. केसपेपर काढताना नाव, वय, पत्ता एका ठिकाणी जातो. रक्ताचे रिपोर्ट लॅबच्या प्रणालीत, बायोप्सी पॅथॉलॉजीच्या, सीटी स्कॅन रेडिओलॉजीच्या. औषधं फार्मसीच्या साठ्यात, पैसे बिलिंगमध्ये. रेडिएशनच्या मशीनचा स्वतःचा वेगळाच संगणक असतो. रोजच्या डोसाची नोंद तो ठेवतो आणि बऱ्याचदा ती बाकी कोणाशी बोलत नाही. आणि डॉक्टरांनी लिहिलेलं बहुतेक ठिकाणी अजून कागदावर असतं, किंवा तो कागद स्कॅन करून ठेवलेला असतो. स्कॅन म्हणजे संगणकाच्या दृष्टीनं नुसता फोटो. त्यात काय लिहिलंय हे त्याला वाचता येईलच असं नाही.

या माहितीचे दोन ढोबळ प्रकार. एक चौकटीतली: तारीख, वजन, हिमोग्लोबिन, औषधाचं नाव, आजाराचा कोड. ही संगणक पटकन मोजतो. दुसरा मोकळा मजकूर: "रुग्णाला तिसऱ्या केमोनंतर उलट्या जास्त, डोस २० टक्के कमी केला." उपचारांचं खरं मर्म या दुसऱ्या प्रकारात असतं, आणि तोच काढायला सर्वांत कठीण.

मावशींच्या बाबतीत बिलिंगनं सहा सांगितले. मग डे-केअरमधला नर्सिंग चार्ट मागवला. सलाईन किती वाजता लावलं, औषध किती वाजता सुरू केलं, किती वाजता संपलं, खाली सिस्टरची सही. असे चार्ट चारच निघाले. उरलेल्या दोन वेळा बिल झालं होतं, औषधही आणलं होतं, पण सकाळच्या तपासणीत पांढऱ्या पेशी कमी आल्या म्हणून केमो दिलीच नाही. पैसे परत केल्याची नोंद दुसऱ्याच रकान्यात होती. मावशी बरोबर होत्या.

हा फरक नीट लक्षात घ्या. केमो लिहून देणं, केमोचं औषध विकत घेणं, केमोचं बिल होणं आणि केमो शिरेत जाणं या चार वेगळ्या घटना आहेत. संशोधनासाठी हजारो रुग्णांची माहिती काढणारा माणूस यातली कुठली मोजतोय, त्यावर त्याचं उत्तर बदलतं. मला विचाराल तर बिलावरून काढलेल्या कुठल्याही आकड्याकडे मी थोडं संशयानंच बघतो.

आधी रुग्ण सापडायला हवा

समजा, आपल्याला शोधायचं आहे की भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या किती बायकांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे उपचार पूर्ण केले. पहिलं काम, त्या बायका शोधणं. आजारांना आंतरराष्ट्रीय कोड असतात. आयसीडी-१० या यादीत स्तनाचा कॅन्सर सी५०, गर्भाशयमुखाचा सी५३, गालाच्या आतल्या बाजूचा सी०६ मध्ये. मग संगणकाला सांगायचं, सी५३ असलेल्या सगळ्या काढ.

निघतात. पण त्यात अशाही असतात ज्यांना फक्त संशय होता आणि बायोप्सीत काहीच निघालं नाही. केसपेपरवर संशयाचं प्रश्नचिन्ह होतं, पण कोड टाकताना प्रश्नचिन्हाला चौकट नसते. उलट काही खऱ्या रुग्ण सुटतात, कारण त्यांच्या नावापुढे "पोटात दुखणे" एवढंच नोंदलेलं राहतं. म्हणून अनुभवी लोक एका कोडवर भरवसा ठेवत नाहीत. कोड दोनदा आला आहे का, बायोप्सीचा रिपोर्ट जुळतो का, त्यानंतर कॅन्सरचं औषध किंवा रेडिएशन दिसतं का, असे दोन-तीन पुरावे एकत्र बघतात.

औषधावरून शोधायला गेलं तरी फसगत होते. मेथोट्रेक्सेट हे केमोचं जुनं औषध, पण तेच आठवड्यातून एकदा, अगदी कमी डोसात, संधिवाताला आणि सोरायसिसलाही देतात. लेट्रोझोल पाळी गेलेल्या बायकांना स्तनाच्या कॅन्सरसाठी देतात, आणि मूल होत नसलेल्या तरुण बायकांना स्त्रीबीज तयार व्हावं म्हणूनही. संगणकाला एवढंच विचारलं की लेट्रोझोल कोणाला दिलं, तर पंचविशीतल्या अर्ध्या डझन मुली कॅन्सरच्या यादीत जाऊन बसतील.

मग नावं. भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत एका गावात एकाच आडनावाची पन्नास घरं असतात. नाव, वडिलांचं नाव, आडनाव तिन्ही सारखं असलेली दोन माणसं एका वाडीत सापडणं मुळीच नवलाचं नाही. शिळीमकर आडनाव इंग्रजीत टाकताना 'ळ'ला कोणी एक अक्षर वापरतो, कोणी दुसरं. 'शि'चा 'सि' होतो. बायकांचं तर आधार कार्डावर सासरचं नाव, जुन्या रिपोर्टवर माहेरचं आणि गावात तिसरंच. वयाचं म्हणाल तर "असेल पंचावन्न-साठ". नोंदींमध्ये शून्यावर आणि पाचावर संपणारी वयं नेहमीच जास्त निघतात. त्यात २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं ठरवलं. नाव कुठलंही असो, पण जुन्या नोंदीत वेल्हे आणि नव्या नोंदीत राजगड हे एकच आहे, हे संगणकाला कोणीतरी सांगावं लागतं. नाहीतर तो एका तालुक्याचे दोन करतो आणि दोन्हीकडे रुग्ण थोडे दाखवतो.

भोरचा रुग्ण कात्रजला मोजला जातो

कॅन्सरच्या उपचारांसाठी भोरहून किंवा वेल्ह्याहून बहुतेक लोक पुण्याला येतात. ससूनला, एखाद्या ट्रस्टच्या हॉस्पिटलला, खासगीत, आणि काही जण थेट मुंबईला टाटाला. पन्नास-साठ किलोमीटरचं अंतर, पण वेल्ह्याहून चेलाडी फाट्यापर्यंत येऊन गाडी बदलायची, स्वारगेटला उतरून पुन्हा रिक्षा, आणि रेडिएशन असेल तर हे पाच-सहा आठवडे, सोमवार ते शुक्रवार रोज. म्हणून रुग्ण कात्रजला, धनकवडीला किंवा सिंहगड रोडला बहिणीकडे, लेकाकडे राहतो. केसपेपर काढताना पत्ता विचारला की तोच सांगतो. फोनही लेकाचाच.

झालं. संगणकाच्या लेखी तो पुणे शहराचा रुग्ण.

यानं काय बिघडतं? कॅन्सरची नोंदणी करणाऱ्या संस्था रुग्ण जिथे उपचार घेतो त्यावरून नाही, तर जिथे किमान वर्षभर राहतो त्यावरून मोजतात. २०११ च्या जनगणनेत भोर तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार होती आणि वेल्ह्याची सुमारे ५४ हजार. एवढ्या छोट्या लोकसंख्येत वर्षाला दहा-बारा रुग्णांचे पत्ते चुकले तरी चित्र पालटतं. कागदावर दिसतं की तालुक्यात कॅन्सर फारसा नाहीच. मग तपासणी शिबिर कुठे घ्यायचं, वेदनाशामक सेवा कुठे द्यायची, मॉर्फिनच्या गोळ्या कुठे मिळायला हव्यात, हे ठरवणाऱ्यांच्या यादीत तो तालुका खाली जातो.

आपल्याकडे या नोंदणीची परंपरा चांगली जुनी आहे. इंडियन कॅन्सर सोसायटीनं १९६३ मध्ये मुंबईत लोकसंख्येवर आधारित कॅन्सर नोंदणी सुरू केली, डॉ. जसावाला यांचं नाव या कामाशी कायमचं जोडलेलं आहे. पुढे पुणे शहराची नोंदणीही सुरू झाली. आयसीएमआरचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आला. पण खेड्यांसाठी बघायचं तर आपल्याला बार्शीला जावं लागतं.

बार्शीनं काय केलं

१९८७ मध्ये बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर हॉस्पिटलनं टाटा मेमोरियलच्या साथीनं बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांची नोंदणी सुरू केली. भारतातली ही पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी. शहरातली पद्धत अशी, की नोंदणीचा माणूस हॉस्पिटलांत जाऊन फायली उघडतो आणि फॉर्म भरतो. बार्शीच्या लोकांना लवकरच कळलं की खेड्यात हे चालणार नाही, कारण अनेक रुग्ण हॉस्पिटलपर्यंत पोचतच नाहीत. म्हणून त्यांची माणसं गावोगाव गेली. सरपंच, पोलीस पाटील, शिक्षक यांना भेटली. तोंडात बरी न होणारी जखम आहे का, पाळी गेल्यावर अंगावरून रक्त जातंय का, छातीत गाठ आहे का, असं विचारत आणि समजावत फिरली. संशय आला तर रुग्णाला हॉस्पिटलला आणलं.

यातून अनपेक्षित गोष्ट घडली. नोंद करायला गेलेल्या माणसांच्या बोलण्यामुळेच बायका लवकर तपासायला येऊ लागल्या, आणि काही वर्षांतच गर्भाशयमुखाचे कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडण्याचं प्रमाण वाढलं. मोजणीच औषध ठरली, असं म्हटलं तरी चालेल.

पुढे शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायकांचा मोठा अभ्यास झाला. गावांचे ५२ गट करून कुठे एचपीव्ही विषाणूची चाचणी, कुठे पॅप स्मिअर, कुठे ॲसिटिक ॲसिड लावून तपासणी आणि कुठे नेहमीची सेवा, अशी विभागणी होती. २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू, नेहमीची सेवा मिळालेल्या गटाच्या तुलनेत जवळजवळ निम्मे होते. जगभरच्या तपासणी धोरणांमध्ये या मराठवाड्यातल्या बायकांचा दाखला दिला जातो. आणि हे कळू शकलं कारण कोणाला कॅन्सर झाला, कोण कशानं गेलं, हे आठ वर्षं घरोघर पाठपुरावा करून लिहिलेलं होतं.

भोर आणि वेल्ह्यात आज वेगळी साधनं आहेत. आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा जोखमीचा फॉर्म भरतात. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या तपासणीची नोंद सरकारी पोर्टलवर जाते. पण पुढची बायोप्सी दुसऱ्या प्रणालीत, केमो तिसऱ्या आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा दावा चौथ्या. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावानं सुरू झालेल्या या योजनेची नोंद कामाची आहे, कारण ती राज्यभर एकसारख्या साच्यात असते. मात्र तिचा हेतू पैसे देणं हा आहे. कुठलं पॅकेज मंजूर झालं ते ती सांगते. डोस कमी केला का, मध्येच थांबवलं का, हे तिला विचारू नये. योजनेत नाव लागण्याआधी रुग्णानं दागिने मोडून खासगीत केलेला पहिला खर्चही तिथे दिसत नाही.

ही अडचण आपलीच आहे असं समजू नका. ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरांच्या नोंदींचा प्रचंड साठा आहे आणि त्यावर हजारो अभ्यास झाले, पण केमो हॉस्पिटलात दिली जाते, त्यामुळे त्या साठ्यात ती नीट सापडतच नाही. शेवटी इंग्लंडनं २०१२ पासून सगळ्या हॉस्पिटलांकडून केमोची स्वतंत्र माहिती गोळा करायला सुरुवात केली: कुठलं औषध, किती, कोणत्या तारखेला, कितवी फेरी. त्यातून २०१६ मध्ये एक अभ्यास आला, ज्यात केमोनंतर तीस दिवसांच्या आत किती रुग्ण दगावले हे हॉस्पिटलनिहाय बघता आलं. आपल्या हॉस्पिटलचा असा आकडा समोर ठेवून बसणं कोणाही डॉक्टरला सोपं नसतं.

लावणीचे दिवस

आता रुग्ण सापडला, औषधंही सापडली. तरी उपचार समजले असं होत नाही. औषधांची यादी म्हणजे नुसत्या तारखा आणि नावं. त्यांतून कुठली केमो, कितव्यांदा, कशासाठी हे जुळवावं लागतं. साधारण नियम असा करतात: एकवीस दिवसांच्या अंतरानं तीच दोन औषधं आली तर ती एक पद्धत, पुढची फेरी. मध्ये मोठी खंड पडली किंवा नवं औषध आलं तर पहिला उपचार संपला, दुसरा सुरू झाला असं धरायचं. दुसरा सुरू झाला म्हणजे बहुतेक वेळा आजार वाढला.

आणि इथे वेल्ह्याचा पाऊस आडवा येतो. जुलैत भाताची लावणी असते. घरात माणसं कमी, मजूर मिळत नाहीत, चिखलणी झाली की रोपं थांबत नाहीत. मावशी म्हणतात, "पंधरा दिवस थांबूया, लावणी उरकते." पंधराचे चाळीस होतात. एखादा ओढा भरला, घाटात दरड आली तर आणखी. संगणक काय बघतो? तिसरी केमो जूनमध्ये, चौथी ऑगस्टच्या शेवटी. पुण्या-मुंबईत किंवा परदेशात बसून नियम लिहिणारा म्हणतो, उपचार थांबला होता, आता दुसऱ्या टप्प्याचा सुरू झाला. प्रत्यक्षात आजार तोच, उपचार तोच, मध्ये फक्त भात लावलं गेलं. अशी खंड चांगली नाही, आणि ती का पडते हे डॉक्टरांनी लिहून ठेवलं तर निदान पुढच्या वर्षी जूनच्या आधी फेऱ्या संपतील असं वेळापत्रक आखता येतं. पण "रुग्ण उशिरा आला" एवढंच लिहिलेलं असतं.

गोळ्यांची गोष्ट आणखी निसटती. टॅमॉक्सिफेन पाच ते दहा वर्षं रोज घ्यायची असते. ती भोरच्या किंवा नसरापूरच्या मेडिकलमधून येते. हॉस्पिटलच्या संगणकात फक्त सुरुवातीची चिठ्ठी. रुग्ण खरंच घेतोय का, दीड वर्षानं बंद केली का, हे त्याला माहीत नसतं.

आणि शेवटी मृत्यू. हॉस्पिटलनं "आता घरी न्या" म्हटल्यावर माणूस घरी जातो, आपल्या ओटीवर जातो. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद होते. हॉस्पिटलच्या संगणकात मात्र तो "फॉलो-अपला आला नाही" म्हणून राहतो. अशांना जिवंत धरलं तर त्या हॉस्पिटलचे निकाल खोटे चांगले दिसतात. सगळ्यांना मृत धरलं तर खोटे वाईट. मध्यममार्ग म्हणून शेवटच्या भेटीपर्यंतच त्यांचा हिशोब धरतात. पण आजार वाढल्यामुळेच यायचे थांबलेले त्यात जास्त असले तर तोही फसतो. याला खरा इलाज एकच: फोन लावणं, आणि फोन बंद लागला तर माणूस पाठवणं.

मग यंत्राला वाचायला द्यावं का?

हल्ली डॉक्टरांचा मोकळा मजकूर वाचून माहिती काढणारे सॉफ्टवेअर आले आहेत. ते उपयोगी आहेत, पण "आईला स्तनाचा कॅन्सर" या ओळीवरून मुलीला कॅन्सर लावणं, किंवा "यकृतात पसरल्याचा पुरावा नाही" यातला "नाही" सोडून देणं, अशा चुका त्यांच्याकडून होतात. माणसाकडूनही होतात, हे मान्य. म्हणून तपासायची पद्धत ठरलेली आहे. समजा शंभर फायली जाणकार माणसानं स्वतः वाचल्या आणि चाळीस जणांची केमो पूर्ण झालेली निघाली. सॉफ्टवेअरनं छत्तीस दाखवले, त्यातले तेहतीस बरोबर. म्हणजे चाळीसांपैकी सात त्यानं सोडले आणि तीन चुकीचे घातले. पुढे एखादी बातमी वाचाल, की अमुक लाख रुग्णांच्या माहितीवरून असं दिसलं, तेव्हा हे दोन आकडे दिलेत का ते बघा. लाखांच्या आकड्यानं चूक छोटी होत नाही, फक्त ती ठामपणे बोलू लागते.

दुसरी भीती गुप्ततेची. अभ्यासासाठी माहिती देताना नाव, फोन, आधार काढून टाकतात, नैतिकता समितीची परवानगी लागते आणि २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आहे. तरीही चाळीस उंबऱ्यांच्या वाडीत "पुरुष, वय ४३, स्तनाचा कॅन्सर" एवढं छापलं तरी सगळ्या खोऱ्याला कळतं कोण ते. म्हणून लहान गावांची माहिती तालुक्याच्या पातळीवर एकत्र करूनच द्यावी आणि अगदी थोडे रुग्ण असलेले रकाने झाकावेत. आपल्याकडे घरात कॅन्सर आहे कळलं की मुलीचं लग्न अडतं, याचा अनुभव तुमच्यापैकी कोणाला तरी असेलच.

तुमच्या हातात काय आहे

उपचार संपतील त्या दिवशी डॉक्टरांकडे एक पानी सारांश मागा. लाजू नका, तो तुमचा हक्क आहे. त्यात बायोप्सीचा नंबर आणि तारीख, कॅन्सरचा टप्पा, केमोच्या प्रत्येक औषधाचं मूळ नाव (कंपनीचं नव्हे), प्रत्यक्ष दिलेल्या फेऱ्या आणि एकूण डोस असावा. रेडिएशन झालं असेल तर कुठल्या भागाला, किती ग्रे, किती दिवसांत, हे हवंच; त्याच जागी पुन्हा रेडिएशन द्यायचं की नाही ते त्या आकड्यावर ठरतं. पॅथॉलॉजीतले मेणाचे ब्लॉक आणि काचा कुठे आहेत तेही लिहून घ्या. या पानाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा, कारण एक मोबाईल नेमका भाताच्या खाचरात पडतो.

केसपेपर काढताना कायमचा पत्ता गावाचा सांगा, तालुक्यासकट. गावाच्या नावापुढचं बुद्रुक किंवा खुर्द गाळू नका. पुण्यातला पत्ता संपर्कासाठी वेगळा द्या. नाव प्रत्येक ठिकाणी आधार कार्डाप्रमाणे. आभा क्रमांक काढला असेल तर तो चौदा आकडी क्रमांक दरवेळी दाखवा. वेगवेगळ्या हॉस्पिटलांतल्या नोंदी तुमच्या संमतीनं एकत्र बघता याव्यात म्हणूनच तो आहे. अर्थात, हॉस्पिटलनं नोंद जोडली तरच ती दिसते, म्हणून कागद फेकू नका. मधल्या काळात काढा, भस्म, जडीबुटी घेतली असेल तर तेही सांगा. डॉक्टर रागावतील म्हणून लपवलेली गोष्ट यकृताच्या रिपोर्टमध्ये दिसते आणि दोष केमोवर जातो.

आणि घरातला रुग्ण गेला असेल, तर एकदा हॉस्पिटलला फोन करून कळवा. दुःखात हे सुचत नाही, मान्य आहे. दहावं-तेरावं झाल्यावर केला तरी चालतो.

मावशींचा इको केला, हृदय चांगलं होतं. नव्या गाठीची बायोप्सी झाली, पुन्हा औषधं ठरली. बेरीज २४० धरून त्यांच्या नव्या फायलीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली आहे, आणि पुतण्यानं त्या पानाचा फोटो काढला आहे. पिशवी मात्र मावशींनी आमच्याकडे ठेवू दिली नाही. तिच्यातली एसटीची तिकिटंसुद्धा नाहीत.